खात्यात दोनशे रुपये असले तरी तुमच्या नावाला भाव आहे: पैशांची चणचण असताना कागदपत्रं कशी जपायची?

‘माझ्या खात्यात आहेच काय, माझं कोण काय चोरणार?’ पैशांची ओढाताण सुरू असलेल्या माणसाला सायबर फसवणुकीबद्दल काही सांगायला गेलं की हे उत्तर हमखास मिळतं. ऐकायला पटतंही. चोर जाणार ते पैसेवाल्याकडे, थकलेल्या हप्त्यांच्या घरात तो कशाला डोकावेल?

पण एक चोरी अशी आहे, जिच्यात चोराला तुमच्या खात्यातल्या पैशांशी काही देणंघेणं नसतं. त्याला हवं असतं तुमचं नाव. म्हणजे तुमचा आधार क्रमांक, पॅन, फोटो, सही, मोबाइल नंबर आणि जमलं तर एखादा ओटीपी. एवढं मिळालं की तुमच्या नावावर कर्ज निघतं, बँक खातं उघडतं, सिम कार्ड घेतलं जातं, जीएसटी नोंदणी होते. खात्यात दोनशे रुपये असोत नाहीतर दोन लाख, या कामासाठी दोघांच्या नावाची किंमत सारखीच.

उलट तंगीतला माणूस यात जास्त सापडतो. का, ते महाराष्ट्रातल्याच काही प्रकरणांवरून बघू.

मालेगाव, आंबिवली आणि खारघर

नोव्हेंबर २०२४. विधानसभा निवडणुकीच्या धामधुमीत मालेगावमधून एक बातमी आली. एका सहकारी बँकेच्या मालेगाव शाखेत डझनभर तरुणांच्या नावावर खाती उघडली होती आणि त्या खात्यांमधून १०० कोटींहून जास्त रकमेची उलाढाल झाली होती. प्रकरण पोलिसांत गेलं, मग सक्तवसुली संचालनालय म्हणजे ईडीने छापे टाकले. खाती कुणाची होती? बेरोजगार पोरांची. तक्रारीनुसार, नोकरी मिळवून देतो असं सांगून त्यांच्याकडून आधार आणि पॅनची कागदपत्रं घेतली गेली होती.

त्याआधीचं प्रकरण ठाणे जिल्ह्यातल्या आंबिवलीचं. जानेवारी २०२०. झोपडपट्टीत राहणाऱ्या, दिवसाला तीनेकशे रुपये कमावणाऱ्या एका मजुराला आयकर विभागाची नोटीस आली. रक्कम होती १ कोटी ५ लाख रुपये. नोटबंदीच्या काळात, म्हणजे २०१६ मध्ये, त्याच्या नावावरच्या एका बँक खात्यात ५८ लाख रुपये भरले गेले होते. त्याने चौकशी केली तेव्हा कळलं की पॅन त्याचं, पण फोटो आणि सही दुसऱ्याचीच. अशा खात्याचा मालक आपण आहोत, हे त्याला तीन वर्षांनी आयकर विभागाकडून समजलं.

तिसरं प्रकरण रकमेने लहान आहे, पण मला ते जास्त बोचतं. लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरणं सुरू असताना, २०२४ मध्ये, खारघरच्या एका महिलेचा अर्ज काही केल्या पुढे जाईना. तिचा आधार क्रमांक आधीच कुणीतरी वापरला होता. शोध घेतल्यावर धागा थेट सातारा जिल्ह्यात गेला. तिथल्या एकाने आपल्या बायकोचे वेगवेगळे फोटो लावून, दुसऱ्या महिलांचे आधार क्रमांक वापरून जवळपास ३० अर्ज भरले होते आणि बऱ्याच अर्जांचे पैसे आलेही होते. महिन्याला १,५०० रुपये ज्यांच्यासाठी खरंच मोठे होते, त्यांच्याच नावावर हात मारला गेला.

तिन्ही ठिकाणी चोरी झाली, पण कुणाच्याही खिशातून त्या दिवशी एक रुपया गेला नाही. म्हणूनच ती कळायला इतका उशीर लागला.

तंगीत असं काय बदलतं?

पहिली गोष्ट म्हणजे कागदपत्रांचा प्रवास वाढतो. सगळं सुरळीत असताना माणूस वर्षातून एखाद्या वेळी कुठे आधारची झेरॉक्स देतो. पण नोकरी गेली, पीक गेलं किंवा घरात आजारपण आलं, की दोन महिन्यांत तीच झेरॉक्स वीस ठिकाणी जाते. चार कर्जाच्या ॲपवर, दोन एजंटांकडे, नोकरी लावून देणाऱ्या कन्सल्टन्सीकडे, सोनेतारण करणाऱ्याकडे, भाड्याची खोली बघताना ब्रोकरकडे, योजनेचा अर्ज भरायला महा ई-सेवा केंद्रात. त्यातल्या अठरा ठिकाणांहून नकार येतो. कागद मात्र एकाही ठिकाणाहून परत येत नाही.

दुसरं, घाई. परवा शाळेची फी भरायची असेल तर समोरचा कोण आहे हे तपासायला वेळ कुणाकडे असतो? ‘सिबिल नको, दहा मिनिटांत पैसे’ ही जाहिरात अशाच वेळी खरी वाटते. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाने २०२१ मध्ये दोन महिन्यांच्या काळात भारतीयांसाठी उपलब्ध असलेली कर्जाची ॲप्स मोजली तेव्हा सुमारे १,१०० सापडली. त्यातली ६०० बेकायदा होती. यातलं एखादं ॲप कर्ज देईल किंवा देणारही नाही, पण आधार, पॅन, सेल्फी आणि फोनमधले सगळे नंबर एवढं त्याच्याकडे गेलेलं असतं.

तिसरी गोष्ट फारशी बोलली जात नाही. ज्याच्यावर खरंच तीन-चार कर्जं आहेत, त्याला पाचवा वसुलीचा फोन आला तर तो दचकत नाही. त्याला वाटतं, असेल त्यातलंच एखादं. एजंट शिव्या देतो, ऑफिसात येईन म्हणतो, आणि माणूस दोन हजार रुपये पाठवून मोकळा होतो. कर्ज त्याचं होतं की नव्हतं, हे बघायचं राहूनच जातं. आणि एकदा पैसे भरले की ‘हे कर्ज माझं नाही’ हे सांगणं अवघड होऊन बसतं. समोरचा लगेच विचारतो, मग हप्ता कशाला भरलात?

अनोळखी कर्जाचा फोन आला तर पैसे देण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा: कर्ज देणाऱ्या संस्थेचं नाव, कर्ज खात्याचा क्रमांक आणि कर्जाची रक्कम कोणत्या बँक खात्यात जमा झाली ते. खरी संस्था हे देऊ शकते. तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, त्याबद्दल पुढे बोलू.

रिचार्ज संपला की काय होतं

हा मुद्दा कागदपत्रांचा नाही, पण तंगीशी थेट जोडलेला आहे. पैसे नसले की दोन सिमपैकी एकाचा रिचार्ज पहिला थांबतो. बहुतेक वेळा तो जुना नंबर असतो. तोच नंबर बँकेला आणि आधारला जोडलेला असतो.

प्रीपेड सिम सलग ९० दिवस वापरलं नाही तर कंपनी ते बंद करू शकते. त्या वेळी खात्यात २० रुपये शिल्लक असतील तर ते कापून नंबर आणखी ३० दिवस चालू ठेवला जातो. बंद झालेला नंबर किमान ९० दिवस कुणाला देत नाहीत, त्यानंतर मात्र तो दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो. म्हणजे साधारण सहा महिन्यांनी तुमच्या बँकेचे ओटीपी दुसऱ्याच कुणाच्या फोनवर वाजू शकतात. तो माणूस भला असेल तर ठीक.

म्हणून जो नंबर सोडायचा आहे तो सोडण्याआधी बँक, आधार, पॅन आणि यूपीआयला दुसरा नंबर जोडून घ्या. ते जमेपर्यंत जुन्या सिममध्ये २० रुपये तरी ठेवा. आणि जुना मोबाइल विकायची वेळ आली तर नुसते फोटो डिलीट करून देऊ नका, फॅक्टरी रिसेट करा. गॅलरीत आधारचा फोटो नाही असा फोन आज सापडणं कठीण.

कागद द्यावाच लागतो, मग तो कसा द्यायचा?

कुणालाच आधार देऊ नका, हा सल्ला देणं सोपं आहे. पण ज्याला कर्ज हवंय, नोकरी हवीय, रेशन हवंय त्याच्यासाठी तो बिनकामाचा आहे. खुद्द सरकारचाही यात एकदा गोंधळ उडाला होता. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बेंगळुरू कार्यालयाने आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका असं पत्रक काढलं आणि दोनच दिवसांत सरकारने ते मागे घेतलं. त्यामुळे कागद द्यायचा, पण बेताने.

आधारच्या वेबसाइटवरून ‘मास्क्ड आधार’ डाउनलोड करता येतं. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात, शेवटचे चारच दिसतात. ओळख दाखवण्यापुरतं आधार लागतं, अशा बहुतेक ठिकाणी, म्हणजे हॉटेल, भाड्याची खोली, नोकरीचा पहिला अर्ज, इथे ते पुरतं. समोरचा ‘पूर्ण नंबरच पाहिजे’ म्हणाला तर का पाहिजे ते विचारा.

आधार देताना एक गोष्ट जरूर करा. बायोमेट्रिक लॉक. आधारच्या वेबसाइटवर किंवा एमआधार ॲपवर ही सोय फुकट आहे. गावाकडे अंगठा लावून पैसे काढून देणारी केंद्रं असतात, त्या पद्धतीत ओटीपी लागत नाही, आधार क्रमांक आणि अंगठा पुरतो. जमिनीच्या दस्तांवरचे ठसे उचलून रबराचे अंगठे तयार केल्याची प्रकरणं देशात उघडकीला आली आहेत. लॉक लावलं की तुमचा अंगठा कुठेच चालत नाही. रेशन दुकानात किंवा पैसे काढताना तुम्हाला गरज पडली तर तात्पुरतं उघडता येतं. तिथेच गेल्या सहा महिन्यांत तुमचं आधार कधी आणि कशासाठी तपासलं गेलं याची यादीही दिसते. एकदा उघडून बघा. आपण त्या दिवशी कुठे होतो हे आठवत यादी वाचली की काय खटकतंय ते लगेच कळतं.

झेरॉक्सवर आडवं लिहायची जुनी पद्धत अजूनही कामाची आहे: ‘फक्त अमुक फायनान्सच्या दुचाकी कर्जासाठी’, खाली तारीख आणि सही. अक्षरं कागदाच्या मोकळ्या भागात नाही, फोटोच्या आणि मजकुराच्या वरून गेली पाहिजेत. यामुळे चोरी थांबतेच असं नाही, पण तोच कागद दुसऱ्या कर्जाच्या फायलीत सापडला तर तुमच्या बाजूने बोलतो.

आणि झेरॉक्सचं दुकान. आपण सगळे काय करतो? दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर आधारची पीडीएफ पाठवतो, तो संगणकावर उघडतो, प्रिंट देतो, दोन रुपये घेतो. पीडीएफ तिथेच राहते. तिला पासवर्ड असतो खरा, पण तो म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्माचं वर्ष. छापलेल्या कार्डावर नाव असतं आणि बऱ्याचदा जन्मतारीखही. दुकानदार प्रामाणिकच असतो बहुतेक, पण त्या संगणकावर दिवसभर कोण कोण बसतं हे त्यालाही सांगता येणार नाही. प्रिंट झाल्यावर ‘दादा, माझी फाइल डिलीट करा’ म्हणायला लाजू नका. व्हॉट्सॲपवरूनही ‘सगळ्यांसाठी डिलीट’ करून घ्या.

कर्जाच्या ॲपसाठी आता एक तपासणी सोपी झाली आहे. जुलै २०२५ पासून रिझर्व्ह बँकेच्या वेबसाइटवर बँका आणि फायनान्स कंपन्यांनी कळवलेल्या कर्ज ॲपची यादी आहे. ॲपचं नाव त्यात नसेल तर कागद अपलोड करू नका. ॲपने फोनमधले कॉन्टॅक्ट, कॉल आणि फाइल बघण्याची परवानगी मागितली तरी तेच. रिझर्व्ह बँकेच्या नियमांत त्याला मनाई आहे. शिवाय नियमानुसार कर्जाचे पैसे थेट कर्जदाराच्याच खात्यात जायला हवेत. आधी ‘प्रोसेसिंग फी’ पाठवा म्हणणारा कर्ज देत नसतो, एवढं लक्षात ठेवलं तरी खूप.

‘फक्त खातं वापरायला दे, पाच हजार मिळतील’

टेलिग्रामवर, कॉलेजच्या ग्रुपवर, कधी ओळखीतल्याच कुणाकडून हा निरोप येतो. तुमचं पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम द्या, महिन्याला अमुक पैसे. नोकरी नसलेल्या पोराला यात वावगं काही दिसत नाही. खात्यात तसंही काही नाही, मग बिघडलं कुठे?

पोलिसांच्या भाषेत हे ‘म्यूल अकाउंट’. कुणाची तरी फसवणूक करून लुटलेले पैसे या खात्यात येतात आणि काही मिनिटांत पुढे जातात. ज्याचे पैसे गेले तो तक्रार करतो आणि तपासात पहिलं नाव सापडतं ते खातेदाराचं. बँकाही अशी खाती हुडकू लागल्या आहेत. त्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबने ‘म्यूल हंटर’ नावाची प्रणाली तयार केली, तिची माहिती डिसेंबर २०२४ च्या पतधोरणाच्या वेळी देण्यात आली.

इथे एक फरक नीट समजून घ्या. मालेगावच्या तरुणांसारखं नोकरीच्या नावाखाली कागद घेऊन खातं उघडलं गेलं तर तुम्ही फसवले गेलेले असता. पैसे घेऊन खातं भाड्याने दिलं तर तपास अधिकारी तुम्हाला गुन्ह्यातला भागीदार म्हणून बघू शकतो. नोकरीच्या नावाखाली ‘सॅलरी अकाउंट उघडायचंय’ म्हणून कुणी बँकेत नेलं तर पासबुक, कार्ड आणि खात्याला जोडलेलं सिम हे तिन्ही स्वतःच्या हातात राहिलंच पाहिजे. ‘आमच्या ऑफिसात राहू दे’ म्हणाले की तिथून निघा.

चोर घरातलाच असेल तर?

इंटरनेटवरच्या सल्ल्यांमध्ये चोर नेहमी हूडी घातलेला, लॅपटॉपसमोर बसलेला असतो. प्रत्यक्षात तो मेहुणा असू शकतो, पुतण्या असू शकतो. ‘तुझ्या नावावर मोबाइल घेतो, हप्ते मी भरतो.’ किंवा बचत गटातली ओळखीची बाई: ‘ताई, तुमच्या नावावर कर्ज उचलू, पैसे मी वापरते, हप्ता मीच देईन.’ मायक्रोफायनान्सच्या कर्जांत हा प्रकार गावोगाव चालतो. हप्ता थकला की वसुलीवाला मात्र जिच्या नावावर कर्ज आहे तिच्याच दारात येतो.

संमतीने नाव दिलं असेल तर कायद्याने कर्ज तुमचंच. ते टाळायचा मार्ग आधीच ‘नाही’ म्हणणं, दुसरा नाही. पण न विचारता, तुमचा फोन हातात घेऊन ओटीपी वापरून कुणी कर्ज काढलं असेल तर ती फसवणूक आहे, मग तो नात्यातला का असेना. तक्रार करायची की नाही हा घरचा प्रश्न. मात्र तक्रार न करता ‘हे कर्ज माझं नाही’ हे फायनान्स कंपनीला पटवणं फार कठीण जातं. कंपनीकडे तुमचा सेल्फी आहे, तुमचा ओटीपी आहे, ती का ऐकेल?

आपल्या नावावर काय काय आहे, हे कळतं कुठे?

मुख्य जागा म्हणजे क्रेडिट रिपोर्ट. आपण सरसकट ‘सिबिल’ म्हणतो, पण देशात अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार या प्रत्येकीने वर्षातून एकदा तुम्हाला पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. तंगीतल्या माणसासाठी ही चांगली सोय आहे, कारण चार कंपन्या म्हणजे वर्षाला चार रिपोर्ट. जानेवारीत एकीकडून, एप्रिलमध्ये दुसरीकडून, असे घेतले तर दर तीन महिन्यांनी एक नजर टाकता येते, तेही पैसे न देता. वेबसाइटवर पैसे भरायच्या योजना आधी समोर येतात, फुकटचा पर्याय जरा शोधावा लागतो. स्वतःचा रिपोर्ट बघितल्याने स्कोअर कमी होतो हा गैरसमज आहे.

ज्याचे हप्ते थकलेत त्याला हा रिपोर्ट उघडायची भीती वाटते, ते समजण्यासारखं आहे. निकाल माहीत असताना गुणपत्रिका कोण बघेल? पण इथे स्कोअरचा आकडा सोडून द्या. तीन जागा बघा. पहिली, कर्ज खात्यांची यादी: त्यातलं एखादं अनोळखी आहे का. दुसरी, ‘एन्क्वायरी’: तुमच्या नावाने कुठल्या संस्थेत कर्जाची चौकशी झाली. तुम्ही कधी पाय न ठेवलेल्या संस्थेचं नाव तिथे असेल तर ती धोक्याची घंटा. तिसरी, पत्ते आणि मोबाइल नंबर. पुण्यात आयुष्य गेलेल्या माणसाच्या रिपोर्टमध्ये भलत्याच राज्यातला पत्ता दिसला, तर कुणीतरी तुमच्या नावाने राहतंय.

रक्कम लहान आहे म्हणून दुर्लक्ष करू नका. फेब्रुवारी २०२२ मध्ये एका ॲपवर लोकांच्या पॅनवर परस्पर कर्ज निघाल्याच्या तक्रारींचा पाऊस पडला होता. अभिनेत्री सनी लिओनीनेही तेव्हा ट्विट केलं होतं, तिच्या पॅनवर काढलेलं कर्ज होतं २,००० रुपयांचं. तिची तक्रार चटकन मिटली. आपल्यामागे तेवढे फॉलोअर्स नसतात, म्हणून आपल्याला कागद लागतात. आणि दोन हजारांचं थकलेलं कर्जही रिपोर्टवर डाग पाडतं. सरकारी बँकांच्या भरतीत क्रेडिट इतिहासाची अट असते. तिथे तो डाग नोकरीच्या आड येऊ शकतो.

सिम कार्डांसाठी ‘संचार साथी’ पोर्टल आहे. तिथे मोबाइल नंबर आणि ओटीपी टाकला की तुमच्या नावावर किती नंबर चालू आहेत ते दिसतं. आपला नसलेला नंबर तिथूनच कळवता येतो. महाराष्ट्रात एका माणसाच्या नावावर नऊपेक्षा जास्त सिम चालत नाहीत. उत्पन्न नाही म्हणून आयकराच्या वेबसाइटकडे आपण फिरकत नाही, पण तिथल्या ‘एआयएस’ या विवरणात तुमच्या पॅनवर झालेले मोठे व्यवहार दिसतात. आंबिवलीसारखा प्रकार आज घडला तर नोटिशीआधी कळण्याची जागा हीच. अर्थात, रोजंदारीवरच्या माणसाने ते विवरण उघडून बघावं ही अपेक्षाच जरा जास्त आहे. घरातल्या शिकलेल्या पोराने आई-वडिलांचं बघून द्यावं.

नावावर भलतंच कर्ज निघालंय. आता?

खात्यातून पैसे गेले असतील तर सगळ्यात आधी १९३० हा नंबर. जितक्या लवकर फोन, तितकी रक्कम वाटेत गोठवली जाण्याची शक्यता जास्त. पैसे गेले नाहीत, पण नाव वापरलं गेलंय, तर राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि तिची प्रत घेऊन जवळच्या पोलीस ठाण्यात जा. दुसऱ्याची सही, पासवर्ड किंवा ओळख वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ सी खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. अर्जात हे कलम लिहा. समोरचा अधिकारी अर्ज ठेवून घेईल आणि ‘बघू’ म्हणेल, असंही होतं. पोहोच घेतल्याशिवाय उठू नका.

त्याच दिवशी कर्ज देणाऱ्या संस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. फोनवर कितीही बोललात तरी त्याला पुरावा म्हणून किंमत नाही. ईमेलमध्ये कर्जाचा करार, केवायसीसाठी दिलेली कागदपत्रं आणि पैसे जमा झालेलं खातं यांची माहिती मागा. वर म्हटलेला तिसरा प्रश्न तो हाच. ते खातं तुमचं नसेल तर तुमची बाजू एकदम भक्कम होते. त्या तारखांचं स्वतःच्या खात्याचं स्टेटमेंट सोबत जोडा.

तिसरं पत्र क्रेडिट रिपोर्टच्या कंपनीला. त्यांच्या वेबसाइटवर ‘डिस्प्यूट’ नावाचा पर्याय असतो. इथे एक नियम तुमच्या बाजूने आहे आणि तो फार कमी लोकांना माहीत आहे. तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. शिवाय तुमचा रिपोर्ट कुणी बघितला की तुम्हाला एसएमएस किंवा ईमेल यायला हवा, असंही रिझर्व्ह बँकेने सांगितलंय. म्हणून तुमचा चालू नंबर आणि ईमेल या कंपन्यांकडे नोंदलेला असणं गरजेचं. तीस दिवसांनी काहीच हललं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे फुकट तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे.

या सगळ्यात एक फोन नक्की येईल: ‘साहेब, कशाला भानगड, निम्मे भरा, सेटल करून टाकू.’ थकलेल्या माणसाला हा मोह होतो. पण न काढलेल्या कर्जाचं सेटलमेंट केलं की रिपोर्टवर ‘सेटल्ड’ असा शेरा बसतो. म्हणजे कर्ज तुमचंच होतं आणि तुम्ही ते पूर्ण फेडलं नाही. तुम्हाला हवंय ते वेगळं पत्र: हे कर्ज फसवणुकीतून काढलेलं असून ग्राहकाकडे काही येणं नाही. ते संस्थेच्या लेटरहेडवर किंवा अधिकृत ईमेलवरूनच घ्या आणि महिन्याभराने रिपोर्ट पुन्हा काढून नोंद गेली का ते बघा.

ते पत्र, पोलिसांची पोहोच आणि सगळे ईमेल एका फायलीत जपून ठेवा. फायनान्स कंपन्या थकलेली कर्जं दुसऱ्या कंपन्यांना विकतात. यादीतून तुमचं नाव काढायचं राहून गेलं असेल तर दोन वर्षांनी भलत्याच कंपनीच्या एजंटचा फोन येतो आणि पहिल्यापासून सगळं सुरू होतं. त्याला त्याच दिवशी त्या पत्राचा फोटो काढून पाठवा, आणि सोबत त्याच्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यालाही.